वाचकांचे प्रश्न : स्पाइक गार्डमधली निळी चकती

घरगुती अर्थिंगवरील लेखानंतर आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे विजेच्या क्षणिक उसळीबद्दल, म्हणजे ज्याला दुकानदारापासून वायरमनपर्यंत सगळेच सर्ज म्हणतात त्याबद्दल आहेत. त्यांतली पाच पत्रे येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, पण पुढच्या उत्तरांना त्याचाच आधार असल्याने ते आधी वाचावे.

प्रश्न : मे महिन्याच्या अखेरीस वळवाच्या पावसात आमच्या वाडीतील पोलवरचा न्यूट्रल तुटला. घरातले दिवे एकदम लखलखले आणि पंखा सुसाट फिरू लागला. टीव्ही स्विचवर बंद होता, मात्र त्याच्या स्पाइक गार्डमधून धूर येऊ लागला, प्लास्टिक वितळले आणि मागचा पडदा होरपळला. डीबीमधला (घरातील वीजवाटपाच्या बोर्डातला) एमसीबी, म्हणजे प्रवाह वाढला की आपोआप पडणारा स्विच, शेवटपर्यंत पडला नाही. बोर्डावर 'सर्ज प्रोटेक्शन' असे छापलेले आहे, आयएसआयचा शिक्काही आहे. जी वस्तू रक्षणासाठी घेतली तीच कशी पेटली? उघडलेल्या बोर्डाची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. (एक वाचक, चिपळूण तालुका)

उत्तर : छायाचित्रे पाठवली हे फार बरे केलेत. फेज आणि न्यूट्रल यांच्या पितळी पट्ट्यांमध्ये शर्टाच्या बटणापेक्षा थोडी मोठी अशी एक निळी चकती सोल्डर केलेली दिसते. तिचा काठ फुटून आतले राखाडी सिरॅमिक उघडे पडले आहे आणि शेजारून जाणाऱ्या वायरीचे आवरण कोळशासारखे झाले आहे. उरलेल्या भागावर '४३१के' एवढी अक्षरे वाचता येतात. ही चकती म्हणजे मेटल ऑक्साइड व्हॅरिस्टर, बाजारातील भाषेत एमओव्ही.

झिंक ऑक्साइडच्या बारीक कणांत बिस्मथ आणि आणखी काही धातूंची ऑक्साइडे मिसळून ती भट्टीत भाजली की एमओव्ही तयार होतो. जपानमधील मात्सुशिता कंपनीत १९६० च्या दशकाच्या अखेरीस ही युक्ती हाती लागली. दोन कणांमधली प्रत्येक सीमा साधारण तीन व्होल्टपर्यंत वीज अडवून धरते आणि त्यापुढे वाट मोकळी करते. अशा दीडशेच्या आसपास सीमा एकीपुढे एक आल्या की साडेचारशे व्होल्टचे दार तयार होते. दाब त्याखाली असताना चकतीतून जवळजवळ काहीच वाहत नाही. दाब चढला की प्रवाह असा काही उसळतो की दाबात दहा टक्के वाढ झाली तर प्रवाह पंधरावीस पट होतो.

हे दार मायक्रोसेकंदांसाठी बनवलेले आहे. प्रयोगशाळेत एमओव्हीवर जी लाट सोडतात ती आठ मायक्रोसेकंदांत शिखर गाठते आणि विसाव्या मायक्रोसेकंदाला निम्म्यावर येते. चौदा मिलिमीटरची साधी चकती अशा एका लाटेत सुमारे साडेचार हजार अँपिअर गिळू शकते, कारण तापायला तिला वेळच मिळत नाही. आपल्याकडे झाले ते याच्या अगदी उलट होते. न्यूट्रल तुटल्यावर आपले घर आणि दुसऱ्या फेजवरचे शेजाऱ्याचे घर एकाच माळेत गुंफले गेले आणि त्या माळेच्या दोन टोकांवर ४०० व्होल्ट आले. अशा वेळी ज्या घरात भार कमी त्याच्या वाट्याला दाब जास्त येतो, आणि आपल्याकडे तर चार दिवे आणि एक पंखा एवढाच भार होता. ३५० व्होल्ट धरले तरी एसीच्या लाटेचे शिखर त्याच्या १.४१ पट, म्हणजे ४९५ व्होल्टवर जाते. आपल्या चकतीचे दार ४३० व्होल्टला उघडते ('४३१' म्हणजे ४३ वर एक शून्य). म्हणजे सेकंदाला शंभर वेळा ते उघडत राहिले, आणि ते मिनिटे मिनिटे चालले.

आता एमसीबी का पडला नाही ते पाहू. चकतीतून गेलेला प्रवाह शेजाऱ्यांच्या उपकरणांतूनच यायचा होता, त्यामुळे तो दोनतीन अँपिअरच्या पुढे जाऊच शकला नाही. सोळा अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने हे नेहमीचे काम झाले. पण साडेतीनशे व्होल्टला दोन अँपिअर म्हणजे सातशे वॅट. घरातली साधी इस्त्री जेवढी उष्णता संपूर्ण तळावर पसरवते, तेवढी येथे बटणाएवढ्या वस्तूत कोंडली गेली.

म्हणूनच या क्षेत्रातील सुरक्षा-मानके वाचताना लोकांचा एक गैरसमज होतो. टीव्ही वाचतो की नाही हे ठरवण्यासाठी ही मानके आहेत असे वाटते. कार्यक्षमतेच्या चाचण्या त्यांत आहेतच, पण सुरक्षेच्या भागाचा खरा प्रश्न वेगळा आहे : हा घटक एक दिवस मरणार हे गृहीत धरले, तर तो मरताना घराला आग लावेल का? अमेरिकेतील यूएल १४४९ हे मानक १९८५ साली आले आणि पुढच्या आवृत्त्यांत नेमकी आपल्या घरी घडली तशीच चाचणी त्यात रुजली. उपकरणाला चढा दाब देतात, पण प्रवाह मात्र १०, ५, २.५ आणि ०.५ अँपिअर असा मुद्दाम आवळून धरतात आणि जास्तीत जास्त सात तास तसेच ठेवतात. भोवती जाळीदार सुती कापड गुंडाळलेले असते. ते पेटले किंवा करपले, तर माल नापास. घरगुती डीबीत बसणाऱ्या सर्ज संरक्षकांसाठीच्या आयईसी ६१६४३-११ या आंतरराष्ट्रीय मानकातही तोच विचार आहे. २३० व्होल्टच्या जाळ्यासाठी संरक्षकाने ३३७ व्होल्ट पाच सेकंद सोसून शाबूत राहिले पाहिजे. ४४२ व्होल्टला दोन तास ठेवले असता तो मेला तरी चालतो, मात्र ज्वाळा न काढता मेला पाहिजे. हा ४४२ चा आकडा न्यूट्रल तुटण्याच्या प्रसंगावरूनच आलेला आहे.

या चाचणीतून पार व्हायचा सोपा उपाय म्हणजे चकतीला चिकटून बसवलेला थर्मल फ्यूज. चकती तापली की तो वितळतो आणि तिला लाइनवरून सोडवतो. चकती आणि फ्यूज एकाच वेष्टनात असलेले तयार घटकही मिळतात. आपल्या छायाचित्रात असे काहीच नाही. घाऊक बाजारात थर्मल फ्यूज किरकोळ किमतीला मिळतो, हे माहीत असल्याने अशा जागा रिकाम्या पाहिल्या की राग येतो.

राहिला आयएसआयचा शिक्का. तो बारकाईने वाचा. सॉकेटवरचा शिक्का बहुधा आयएस १२९३ चा, म्हणजे प्लग आणि सॉकेट यांच्या मानकाचा असतो; वायरीवर असतो तो आयएस ६९४ चा. दोन्ही खरे असू शकतात आणि दोन्हींचा आतल्या चकतीशी काही संबंध नसतो. तपासणी खिडकी-दारांची झाली आणि माजघरात कोणी डोकावलेच नाही, असा हा प्रकार आहे. 'सर्ज प्रोटेक्शन' या शब्दांपुढे आयईसी ६१६४३-११ किंवा यूएल १४४९ असे नाव नसेल, तर ते शब्द जाहिरातीचे समजावेत.

नामवंत मालही यातून सुटलेला नाही. ऑक्टोबर २०१३ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने एका प्रसिद्ध कंपनीचे २००३ पूर्वी बनलेले सुमारे दीड कोटी सर्ज संरक्षक परत मागवल्याचे जाहीर केले होते. ते अतितप्त होऊन धूर निघाल्याच्या किंवा वितळल्याच्या सातशे तक्रारी तोवर नोंदल्या गेल्या होत्या. दहा वर्षांहून जुना स्पाइक गार्ड आपल्याकडे असेल तर तो बदला, तो अजून 'चालतो' आहे हे कारण पुरेसे नाही.

प्रश्न : माझे टीव्ही आणि एलईडी ड्रायव्हर दुरुस्तीचे दुकान आहे. फुटलेल्या एमओव्हीच्या जागी सध्या मी १४डी ४३१के टाकतो, कारण दुकानात तोच सहज मिळतो. मूळ चकती १४डी ४७१के असेल तर काही बिघडते का? काही कारागीर चकती काढून टाकतात आणि फ्यूज मोठा बसवतात, ते बरोबर आहे का? (एक दुरुस्ती कारागीर, बार्शी)

उत्तर : बिघडते. या अंकांत 'डी'च्या आधीचा आकडा चकतीचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. ४७१ म्हणजे ४७ वर एक शून्य, ४७० व्होल्ट. एवढ्या दाबाला चकतीतून एक मिलिअँपिअर प्रवाह वाहू लागतो. 'के' म्हणजे त्यात दहा टक्के कमीजास्त. पण कारागिराला उपयोगाचा आकडा चकतीवर लिहिलेलाच नसतो. तो आहे सतत सोसायचा एसी दाब, आणि तो ४३१ साठी २७५ व्होल्ट, तर ४७१ साठी ३०० व्होल्ट असतो.

टीव्ही, संगणक, चार्जर या वर्गातील उपकरणांचे आजचे आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६२३६८-१ आहे. त्यात व्हॅरिस्टरसाठी स्वतंत्र परिशिष्ट असून, चकतीचा सतत सोसायचा दाब उपकरणाच्या कमाल नाममात्र दाबाच्या किमान सव्वापट असावा असे ते सांगते. उपकरणावर '१००-२४०व्ही' छापलेले असेल तर २४० ची सव्वापट बरोबर ३०० होते. मूळ कारखान्याने ४७१ का निवडली याचे उत्तर येथे मिळते. आधीच्या आयईसी ६०९५०-१ मध्ये, म्हणजे आपल्याकडच्या चार्जरवर आर-नंबरसोबत (बीआयएसच्या नोंदणी क्रमांकासोबत) दिसणाऱ्या आयएस १३२५२ भाग १ चे मूळ ज्यात आहे त्या मानकात, ही अट १.२ पट होती. त्या हिशेबानेही २४० व्होल्टला २८८ लागतात आणि २७५ कमीच पडते. आपल्याकडे रात्री बाराच्या पुढे दाब २५५-२६० च्या घरात रेंगाळतो हे आपण मीटरवर रोज पाहत असाल. अशा ठिकाणी २७५ ची चकती दररोज थोडी थोडी झिजते. ग्रामीण फीडरवरच्या ग्राहकासाठी मी स्वतः ५११ची, म्हणजे ३२० व्होल्टची चकती घालणे पसंत करतो. त्यात उसळीच्या वेळी उपकरणापर्यंत पोचणारा दाब थोडा वाढतो, पण चकती पावसाळा काढते.

चकती काढून टाकणे ही तात्पुरती तडजोड आहे. मूळ फ्यूज जसाच्या तसा असेल तर आगीचा धोका त्याने वाढत नाही, मात्र पुढच्या उसळीत डायोड ब्रिज किंवा मॉस्फेट यांसारखे पुढचे घटक जाण्याची शक्यता वाढते आणि हे ग्राहकाला सांगायला हवे. मोठा फ्यूज बसवणे मात्र अक्षम्य आहे. चकती मेल्यावर तिला सोडवणारा तोच एक असतो, आणि मानकातील आगीविषयीच्या तरतुदी त्याच भरवशावर उभ्या आहेत. फ्यूजवर 'टी३.१५ए' एवढेच वाचून थांबू नका. त्यापुढे 'एल' असेल तर तो काचेचा, साधारण पस्तीस अँपिअरपर्यंतचाच शॉर्ट तोडू शकणारा; 'एच' असेल तर वाळू भरलेला सिरॅमिक, दीड हजार अँपिअर तोडणारा. सिरॅमिकच्या जागी काचेचा घातला तर तो शॉर्टच्या वेळी तुटण्याऐवजी फुटतो.

एक सावधगिरी आणखी. त्याच बोर्डावर '१०डी-९' अशी अक्षरे असलेली काळी किंवा हिरवी चकती असते, ती एनटीसी थर्मिस्टर, म्हणजे उपकरण चालू होतानाचा प्रवाहाचा धक्का अडवणारा रोधक. तिथे १० हा ओहम आणि ९ हा व्यास आहे, म्हणजे क्रम उलटा. ती लाइनमध्ये ओळीने बसते, एमओव्ही आडवा बसतो. अदलाबदल झाली तर एनटीसी थेट फेज-न्यूट्रलमध्ये येतो, आणि मग फ्यूजवरच सारी भिस्त.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीहून पुण्यात कायमचे राहायला येत आहोत. तिथले यूएल शिक्क्याचे उत्तम सर्ज प्रोटेक्टर, पिन बदलणारा अडॅप्टर लावून, पुण्यात वापरता येतील ना? (एक वाचक दांपत्य)

उत्तर : आणू नका, आणि आणले असतील तर भिंतीला लावू नका. यूएल १४४९ चा शिक्का खरा असला तरी तो १२० व्होल्टच्या जाळ्यासाठी दिलेला आहे. त्यातली चकती साधारण १३० किंवा १५० व्होल्ट सतत सोसणारी असते. पुण्यातील २३० व्होल्टला ती स्विच दाबल्याक्षणी पूर्ण उघडते. पिन बदलणारा अडॅप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो, दाब बदलत नाही. अस्सल मालात थर्मल फ्यूज असल्याने बहुधा 'टप्' असा आवाज होऊन तो कायमचा बंद पडेल; नकली मालात काय होईल ते वरच्या चिपळूणच्या पत्रात आहेच. लॅपटॉपचा '१००-२४०व्ही' लिहिलेला चार्जर मात्र निर्धास्त आणावा.

प्रश्न : आमच्या सोसायटीत नवीन डीबीबरोबर सर्ज संरक्षक बसवले. नंतर मेगर (वायरींचे इन्सुलेशन तपासायचे यंत्र) लावला तर सगळ्या लाइन शॉर्टजवळ दाखवतात. कंत्राटदार म्हणतो माल खराब आहे. (एक सचिव, डोंबिवली)

उत्तर : माल बहुधा ठीक आहे. मेगर ५०० व्होल्ट डीसी सोडतो आणि २७५ व्होल्टच्या संरक्षकाचे दार ४३० ला उघडते, त्यामुळे मेगरला तिथे वाट सापडतेच. संरक्षकाचे काढता येणारे काडतूस ओढून बाहेर ठेवा आणि मग मोजा. काडतूस परत बसवायला विसरू नका, कारण हे विसरलेले डीबी मी एकापेक्षा जास्त पाहिले आहेत. त्याच खेपेस संरक्षकाकडे जाणाऱ्या आणि तिथून अर्थ बसबारपर्यंतच्या (अर्थच्या वायरी जोडायच्या पट्टीपर्यंतच्या) वायरींची लांबीही मोजून घ्या. एकूण अर्धा मीटर ही शिफारस आहे. उसळीच्या वेगात मीटरभर सरळ वायरीवर हजार व्होल्टच्या आसपास पडतात, आणि कंत्राटदार नीटनेटकेपणासाठी वायरीचे वेटोळे करून ठेवतात तेव्हा ते त्याहून वाढतात. अर्थकडची वायर या प्रकारच्या संरक्षकाला किमान सहा चौरस मिलिमीटरची लागते.

प्रश्न : छतावर सोलर बसवताना इन्स्टॉलरने डीसी बाजूच्या डब्यात घरातल्या डीबीसारखाच एसीचा सर्ज संरक्षक लावला. 'व्होल्टेज जास्त लिहिलंय, चालतं' असे म्हणाला. त्यावर ३८५ व्होल्ट एसी लिहिले आहे. आमच्या माळेत आठ पॅनेल आहेत. (एक शेतकरी वाचक, मोहोळ)

उत्तर : चालत नाही, आणि आजच्या पत्रांत सर्वांत धोक्याची जोडणी मला हीच वाटते. आकडे आधी पाहू. आजच्या मोठ्या पॅनेलचा उघडा दाब, म्हणजे भार न जोडता मोजलेला दाब, पन्नास व्होल्टच्या आसपास असतो, म्हणजे आठांचे ४०० झाले. थंडीत सकाळी तो आणखी चढतो, म्हणून हिशेबात १.२ पट धरतात, म्हणजे ४८०. त्याला ६०० व्होल्ट डीसीचा संरक्षक लागतो.

आकड्यांपेक्षाही मोठी अडचण संरक्षकाच्या मरण्याची आहे. एसीमध्ये प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो. चकती तापून आतले कुलूप, म्हणजे तिला लाइनवरून सोडवणारा जोड, सुटले आणि ठिणगी पडली, तर पुढच्या शून्याला ती आपोआप विझते. पॅनेलच्या डीसीला शून्यच नाही. कुलूप सुटते, दोन टोकांमध्ये मिलिमीटरभर अंतर पडते आणि त्या फटीत ठिणगी सूर्य मावळेपर्यंत जळत राहू शकते. वर फ्यूज असला तरी त्याचा उपयोग नाही, कारण पॅनेल शॉर्ट केले तरी त्याचा प्रवाह नेहमीच्या प्रवाहापेक्षा थोडासाच वाढतो. तेरा अँपिअर देणारे पॅनेल शॉर्टमध्ये चौदाच्या आसपास देते. पंधरा किंवा वीस अँपिअरच्या फ्यूजला हे कळणारच नाही. नेमक्या याच कारणाने सोलरच्या डीसी बाजूसाठी आयईसी ६१६४३-३१ हे वेगळे मानक २०१८ मध्ये निघाले, आणि त्यातील संरक्षकांत कुलूप सुटताना फट रुंद करणारी किंवा ठिणगी दाबून टाकणारी रचना असते.

डबा उघडून संरक्षकाच्या बाजूला छापलेले वाचा. तिथे 'पीव्ही' किंवा 'डीसी' आणि ६१६४३-३१ (जुन्या मालावर ५०५३९-११) हे आकडे नसतील, तर इन्स्टॉलरला लेखी कळवून तो बदलून घ्या. तो येईपर्यंत काडतूस आपण स्वतः ओढू नका : ऊन असताना ते ओढले तर तीच ठिणगी आपल्या बोटांपाशी पडेल. आधी इन्व्हर्टर बंद, मग डीसी आयसोलेटर (पॅनेलची लाइन तोडणारा स्विच) बंद, आणि तरीही डब्यातील पॅनेलकडच्या टोकांवर दिवसभर ४०० व्होल्ट राहतात. हे काम दिवस मावळल्यावर, मीटरने शून्य पाहून, इन्स्टॉलरच्याच माणसाकडून करून घ्यावे.